एकवीस ओळींची रुजवात

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात, चौथ्या प्रकरणात, एक चूक आहे. एकवीस ओळींचा एक तक्ता आहे, त्यातल्या तीन ओळी कंप्यूटरमध्ये चुकीच्या गेल्या. एवढंच. ती चूक मला त्याच आठवड्यात दिसली असती तर माझ्या वडलांची नजर वाचली असती. निदान एका डोळ्याची तरी. मी हे लिहायला बसले ती त्यासाठी. माझ्या नोकरीचं आणि संशोधनाचं काय झालं तेही ओघात येईल, पण ते दुय्यम आहे, आणि ते दुय्यम आहे हे मला फार उशिरा कळलं.

आधीच सांगून टाकते, मी चिडकी बाई आहे. कळंबच्या ज्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवते, तिथली पोरं माझी चाहूल लागली की व्हरांडा मोकळा करतात. मला त्याचा अभिमान वाटायचा. घरीही तेच. भाजीत मीठ कमी पडलं तरी माझा आवाज शेजारच्या दुकानापर्यंत जायचा, आणि भाजी मीच केलेली असायची.

माझा विषय क्वांटम एरर करेक्शन. हे नाव आमच्याकडं सांगायची सोय नाही. कॉलेजच्या क्लार्कनं एकदा मोठ्या आदरानं विचारलं, "मॅडम, म्हंजे कंप्यूटरच्या चुका काढायचं न्हवं का? मग आपला प्रिंटर बघा की, कागद गिळायलाय." मी प्रिंटर बघितला, अडकलेला कागद ओढून काढला. तेव्हापासून माझं संशोधन कॉलेजच्या उपयोगाचं आहे असं त्यांचं पक्कं मत झालं.

खरं तर विषय समजायला इतका काही अवघड नाही. साध्या कंप्यूटरात एखादा अंक बिघडला तर तो बघता येतो, दुरुस्त करता येतो. क्वांटममध्ये बघायचीच पंचाईत. आत काय आहे ते थेट बघितलं की जे होतं तेच मोडतं. मग आडून विचारायचं. ह्या चार अंकांची बेरीज सम येते का? त्या सहांची? उत्तरं गोळा करायची आणि त्यांवरून कुठं बिघडलं असेल त्याचा अंदाज बांधायचा. कुणाकुणाला एकत्र घेऊन विचारायचं, त्याची यादी म्हणजे कोड. ती शून्य आणि एकच्या ओळींत मांडतात. ज्याला विचारायचं त्याच्या घरात एक, बाकी शून्य. सगळ्यात वाईट चूक कुठली? सगळ्या प्रश्नांची उत्तरं ठीक येतात आणि आतलं मात्र बिघडलेलं असतं, ती. हे मी दरवर्षी एमएस्सीच्या वर्गाला फळ्यावर खडू आपटून सांगायचे.

ह्या विषयात मी उशिरा आले. दहा वर्षं तासिका तत्त्वावर राबले, आज भूम तर उद्या कळंब, एसटीच्या खिडकीशी बसून पेपर तपासत. कायम झाले तेव्हा केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. त्या उन्हाळ्यात एका शिबिराला गेले, तिथं माझे गाईड भेटले. पुण्याचे. मृदू बोलणारे, पण कामात लई कडक माणूस. त्यांनी मला घेतलं तेव्हा एकच अट घातली. कुठलाही तक्ता प्रोग्रॅमनं बनवून प्रोग्रॅमनंच तपासायचा नाही. "ज्यानं चूक केली त्यालाच साक्षीला बोलावण्यासारखं आहे ते," म्हणाले. वहीत हातानं मांडायचा, मग एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकून कंप्यूटरमध्ये घालायचं, आणि घालणाऱ्यानं डोकं अजिबात चालवायचं नाही. डोकं चाललं की माणूस ऐकलेलं न घालता वाटलेलं घालतो.

मला हसू आलं. म्हटलं, सर, ह्याला आमच्या घरात रुजवात म्हणतात.

अप्पा, म्हणजे माझे वडील, लोहाऱ्याच्या तहसीलात कारकून होते. शेवटची कितीतरी वर्षं नक्कल विभागात. जुन्या कागदाची नक्कल कुणी मागितली की एकजण ती उतरवायचा, आणि मग रुजवात व्हायची. अस्सल आणि नक्कल ताडून बघायचं. एकजण अस्सल मोठ्यानं वाचणार, दुसरा नकलेवरून बोट फिरवत जाणार, खाली दोघांच्या सह्या. अप्पा वाचणारे. त्यांच्या हातून गेलेली एकही नक्कल परत आली नाही, हे ते कुणालाही सांगायचे, भाजीवालीलासुद्धा. "वाचणाऱ्यानं हुशारी करायची न्हाय," असं त्यांचं म्हणणं. "सगळ्या पानावर एक नाव आन् मधीच एका ओळीत दुसरं असलं, तर ते दुसरंच वाचायचं. समोर हाय ते. असाया पाहिजे ते न्हाय."

आई गेल्यावर मी त्यांना कळंबला आणलं. लोहाऱ्यात त्यांचं बरं चाललं होतं. सकाळी लिंगपूजा, मग सुपारीच्या दुकानापाशी बसून अर्धं मराठी अर्धं कानडी बोलत दुपार करायची. कळंबमध्ये त्यांच्याशी कानडी बोलायला एक माणूस नव्हतं. दिवसभर ओसरीवर बसून रस्त्यावरच्या मोटरसायकली बघायचे. मी घरी आले की काहीतरी विचारायचे, आणि मी वैतागायचे. आज काय शिकवलंस? ते काय सांगू तुम्हाला अप्पा! शेजारचा फाटकाला कुलूप का लावतो? मला काय माहीत! असं आमचं बोलणं.

मग ही वाचायची गोष्ट निघाली आणि माणूस बदलला. पाचाला मी कॉलेजातून यायचे. चहा होईपर्यंत अप्पा धुतलेला शर्ट घालून, हाताला घड्याळ बांधून टेबलाशी तयार. पहिली ओळ मी स्वतः म्हणून दाखवायची, असा त्यांनीच नियम केला. सुरुवात कुठून हे दोघांनाही पक्कं पाहिजे म्हणून. मग वही त्यांच्या हातात. "शून्य, एक, एक, शून्य, शून्य..." काय आवाज! चावडीवर हुकूम वाचावा तसा खणखणीत. मी कीबोर्डवर मान घालून दाबत जायचे. ओळ संपली की मी "बरोबर" म्हणायचे, तेव्हा ते पुढची घ्यायचे.

चौथ्या प्रकरणातला कोड लहान होता. एकवीस घरांच्या एकवीस ओळी. लहान होता, पण त्याच्यावरच पुढचे मोठे कोड उभे होते, त्यामुळं तोच खरा. त्या ओळी गोल फिरणाऱ्या असतात. प्रत्येक ओळ म्हणजे मागचीच ओळ, एक घर उजवीकडं सरकलेली. शेवटचा अंक फिरून पुढं येतो. माझं स्वतःचं त्यात काय होतं? तर सातव्या, बाराव्या आणि एकोणिसाव्या ओळीतले दोन-दोन एक मी खोडून तिथं शून्य केलं होतं. तेवढे प्रश्न हलके होतात, यंत्राला विचारायला सोपे. आणि माझा दावा असा, की एवढं हलकं करूनही कोडची ताकद, म्हणजे तो किती चुका पकडू शकतो ते, तसूभर कमी होत नाही. ह्या एका दाव्यावर माझी पीएचडी उभी होती.

अप्पांनी वाचलं, मी घातलं. कंप्यूटर म्हणाला, सगळं जुळतंय. कुठल्याही दोन ओळी घ्या, दोन्हींत एक असलेली सामाईक घरं समच. ताकद पूर्वी होती तेवढीच. मी खुर्चीतून उठून अप्पांच्या पाया पडले. मी! ज्या बाईनं देवळातसुद्धा कधी नीट वाकून नमस्कार केला नाही.

पेपर छापून आला. तोंडी परीक्षा झाली. कॉलेजनं शाल, नारळ देऊन सत्कार केला, प्राचार्यांनी भाषणात "क्वांटम" शब्द चार वेळा चार प्रकारे उच्चारला. अप्पा पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्यांनी टाळ्या थांबवल्यावरही थोडा वेळ ते वाजवत राहिले, इकडंतिकडं न बघता. मला तेव्हा लाज वाटली. घरी आल्यावर म्हणाले, "आता पुढचं कधी वाचायचं?"

पुढची तीन वर्षं आम्ही वाचत राहिलो. त्या कोडवरून मी तसेच गोल ओळींचे आणखी कोड बांधले, आणखी दोन पेपर काढले. आणि ह्याच तीन वर्षांत घरात काय काय होत होतं ते आता एकेक आठवतं. अप्पा चहा कपाच्या कडेवर ओतायचे. चौकटीला खांदा आपटायचा. रोजचा पेपर बंद केला, म्हणाले, "काय ऱ्हायलं न्हाय त्या पेपरात." कळंबच्या स्टँडवर एसटीची पायरी चुकून पडले, गुडघा फुटला. प्रत्येक वेळी मी काय म्हणाले? "डोळे कुठं ठेवलेत अप्पा?" अगदी ह्याच शब्दांत. अनेकदा.

मी विचारत नव्हते असं नाही. रोज विचारायचे, पर्स खांद्याला लावता लावता. जेवलात? व्हय. बीपीची गोळी घेतली? व्हय. चष्मा ठीक आहे? व्हय, एकदम. सगळी उत्तरं ठीक येत होती. आणि पाचाला टेबलाशी बसून तो माणूस ओळीमागून ओळी धडाधड वाचून दाखवत होता, एकही चूक न करता. ज्याला असं वाचता येतं त्याच्या डोळ्यांची काळजी कोण करेल? मी नाही केली.

मग ती मेल आली. परदेशातला कुणी विद्यार्थी होता, मला तो कधी भेटला नाही. अतिशय नम्र पत्र. त्यानं पेपरात लिहिल्याप्रमाणं गोल ओळी मांडल्या, सांगितलेल्या तीन ओळींतले एक काढले, आणि सातवी ओळ नवव्या ओळीशी जुळेना. सामाईक घरं विषम आली. बारावीचंही तेच. माझ्याच हातून काही चुकत असेल, कृपया सांगाल का, असं त्यानं विचारलं होतं.

स्टाफरूममध्ये बसूनच मी कागदावर करून बघितलं. त्याचं काही चुकत नव्हतं. माझी जुनी फाईल उघडली, सातवी ओळ बघितली. त्या ओळीतले दोन एक तिथंच होते. बाराव्या ओळीतले होते. एकोणिसाव्याही. म्हणजे मी बदललेला कोड कंप्यूटरमध्ये कधी गेलाच नव्हता. गेला होता तो जुना, न बदललेला. त्याची ताकद पूर्वीइतकी भरली. भरणारच की! तोच तर होता. जे मी केलं ते कुणीच कधी तपासलं नव्हतं, आणि ज्या कागदावर मी ते सिद्ध केलं होतं त्यातही एक घाई होती, जी कंप्यूटरनं हो म्हटल्यामुळं मी परत बघितली नाही.

भर दुपारी मी घरी आले. अप्पा ओसरीवर होते. चप्पलही काढली नाही मी. "अप्पा, सातवी ओळ काय वाचली होती तुम्ही? वहीत लाल पेनानं खोडलंय, ढळढळीत! एवढं एकच काम दिलं होतं तुम्हाला. एवढं एकच! माझी सगळी जिंदगी त्याच्यावर होती." आणखीही बोलले. वाटोळं केलंत, असंही म्हणाले. अप्पा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चुकलं असंल माय. माझ्या हातनं झालं असंल." बस्स. त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. राग उतरला नव्हता, पण माझ्यातली मास्तरीण जागी झाली होती. चूक झाली तर ती कशी झाली हे कळायलाच हवं. ती जुनी वही काढली, अप्पांना टेबलाशी बसवलं. "परत वाचा. जसं तेव्हा वाचलं तसं." पहिली ओळ मी म्हटली. मग ते सुरू झाले. दुसरी, तिसरी, सहावीपर्यंत सगळं स्वच्छ. सातवीला ते दोन्ही एक त्यांनी खणखणीत म्हटले. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांच्या बोटाखाली लाल रेघ होती.

"परत म्हणा सातवी." परत तेच.

मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला. कालच्या बोलण्याचा राग काढतोय. आणि मग काय मनात आलं कोण जाणे, मी हळूच वहीचं पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. अप्पांनी बोट परत ठेवलं आणि आठवी ओळ सुरू केली.

नववी. दहावी. बोट कोऱ्या कागदावरून डावीकडून उजवीकडं सरकत होतं, ओळ संपली की बरोबर थोडं खाली उतरून परत डावीकडं येत होतं. एक अंक चुकत नव्हता. पहिली ओळ त्यांनी ऐकली होती, ओळी कशा सरकतात ते आधीचे तक्ते वाचताना हेरलं होतं, आणि बाकीच्या वीस ते मनात एकेक घर सरकवून तयार करत होते. वयाच्या सत्तरीनंतर! माझ्या एमएस्सीच्या एकाही पोराला हे जमलं नसतं. मी तोंडावर हात दाबून उभी होते. अप्पा एकविसाव्या ओळीला थांबले, मान वर केली, मी जिथं नव्हते तिकडं बघितलं आणि म्हणाले, "झालं. बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे अप्पा," मी म्हणाले.

सोमवारी मी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं त्यांना सोलापूरला नेलं. डोळ्यांची डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होती. तिनं बराच वेळ तपासलं, वेगवेगळ्या यंत्रांपुढं बसवलं, मग मला एकटीला आत बोलावलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढत गेला आणि आतली नस सुकली. डावा डोळा पूर्ण गेलेला. उजव्याला खिडकीएवढा उजेड कळतो. "दुखत नाही ह्याच्यात," ती म्हणाली, "कडेनं कमी होत होत येतं. पण वाचायला त्रास होत असणार तीन-चार वर्षं तरी. तुमच्या लक्षात नाही आलं?" मी म्हटलं, ते रोज वाचायचे. ती माझ्याकडं बघत राहिली. मी विचारलं, तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर? ती म्हणाली, तेव्हा उजवा बराच चांगला असणार. रोज थेंब घालून आहे ती नजर टिकवता आली असती. गेलेली परत आणता येत नाही.

बाहेर बाकावर अप्पा बसले होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "म्या समजलो मोतीबिंदू हाय. पिकला की काढू म्हणलं." मग जरा वेळानं, "गाडी किती वाजता हाय?"

पेपर मी मागं घेतला. त्यावर बांधलेले दुसरे दोनही. विद्यापीठानं पदवी राहू दिली, प्रबंधाला शुद्धिपत्र जोडायला लावलं. बढतीची फाईल परत आली. स्टाफरूममध्ये दोन दिवस सगळे माझ्याशी फार गोड बोलत होते, त्यावरून काय ते कळलं. फरक पडला नाही असं म्हणाले तर खोटं होईल. कॉलेजच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले मी. गाईडना फोन करून सगळं सांगितलं, वहीचं, कोऱ्या पानाचं, डोळ्यांचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वडलांचं फार वाईट वाटलं. पण तुम्ही ओळ घातल्यावर त्यातले एक मोजले नाहीत? हलक्या ओळीत दोन कमी असायला हवे होते." बरोबर होतं त्यांचं. सातवी ओळ माझ्याच बोटांखालून गेली होती. माझे डोळे शाबूत होते.

आता सकाळ-संध्याकाळ मी अप्पांच्या डोळ्यांत थेंब घालते. उरलाय तेवढा उजेड राहावा म्हणून. आवाज खाली ठेवायचा प्रयत्न करते, कधी जमतं, कधी नाही. परवा सकाळी ते ओसरीवर मान मागं टाकून बसले होते, मी थेंब घातला, आणि इतके दिवस विचारायचं राहिलेलं विचारून टाकलं. "अप्पा, मला सांगितलं का नाही?"

डोळे मिटून ते म्हणाले, "सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काय म्हणजे? डॉक्टरकडं नेलं असतं."

"ते व्हय. आन् वाचायला?"

मी थेंबाच्या बाटलीचं झाकण लावायला लागले.

"वाचायला दुसरं कुणी बसवलं असतंस," अप्पा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, हे सगळ्यात वाईट. "दिवसभरात तेवढा एक तास तू माझ्यावर खेकसत न्हवतीस माय. दर ओळीला बरोबर म्हणायचीस."

नाही हो अप्पा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण एक गोष्ट आहे, जी मी आत्तापर्यंत इथं लिहायचं टाळलं. चौथ्या प्रकरणाचा तक्ता वाचायला घेतला त्याच्या आधीच्या आठवड्यात अप्पांचं वाचणं फार हळू झालं होतं. एका ओळीला चार-चार मिनिटं, बोट अडखळायचं, परत मागं जायचं. माझी तारीख जवळ आली होती. मी ह्याच ओसरीवर उभी राहून माझ्या एका विद्यार्थिनीला फोन केला होता, की उद्यापासून संध्याकाळी वाचायला येशील का, आमच्या अप्पांचं आता काही खरं नाही. अप्पा हातभर अंतरावर बसले होते. दुसऱ्या दिवशी पाचाला ते टेबलाशी आले आणि त्यांनी एकवीस ओळी झपाट्यानं, न अडखळता वाचल्या. मी त्या मुलीला फोन करून सांगितलं, येऊ नकोस, गरज नाही.